टांगलेला गाउन

वकील दाभाडेबाईंना न्यायाधीश करावं अशी शिफारस झाली, त्याच आठवड्यात कोर्टासमोरच्या लचकेमास्तरांनी हौसेनं त्यांचा गाउन शिवून दुकानात टांगला. दीड वर्ष तो तिथंच होता. मागून शिफारस झालेले, सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतले तिघे वकील मात्र आपापले गाउन नेऊन खुर्चीत बसलेसुद्धा.

"नक्की कुणीतरी बाईंच्या कागाळ्या केल्यात," मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. कधी संशय कारकुनावर, कधी वकीलसंघाच्या अध्यक्षावर.

आज बाई स्वतः आल्या. "मास्तर, तो गाउन उसवून टाका. माझं नाव बाद झालं. गुप्त चौकशीत कुणीतरी सांगितलं म्हणे, मी धरणग्रस्तांच्या बाजूनं सरकारविरुद्ध फुकट केसेस लढते."

मास्तर गाउन काढायला वळले आणि त्यांना आठवलं. दिवाळीआधी सफारीतले एक गृहस्थ पँट आखूड करायला आले होते. टांगलेला गाउन दाभाडेबाईंचा आहे हे कळल्यावर त्यांनी सहज विचारलं होतं, "कशा आहेत हो या बाई?" आणि मास्तरांनी चहा पाजून, छाती फुगवून, अगदी हेच कौतुकानं सांगितलं होतं.

पँट न्यायला ते गृहस्थ पुन्हा आलेच नाहीत. ती अजून गाउनशेजारीच टांगलेली होती.