वस्तादांचा शब्द

“आमच्या घामावर जगता, वर आमच्याच भल्याची भाषा करता, आणि आमचा निकाल आम्हाला न विचारता लावता!” बेचाळीस साली गोऱ्या साहेबाला असं तोंडावर सुनावल्याची गोष्ट आकाराम वस्ताद गेली पंचवीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला तालमीत सांगत आले होते. यंदा तर सांगता सांगता त्यांचेच डोळे भरून आले. एक पैलवान त्यांचे पाय चेपत होता, दुसरा स्वतःच्या घरून आणलेल्या बदामांची थंडाई त्यांच्या हातात देत होता.

“बंड उपाशी माणूस करत न्हाय रं,” वस्ताद म्हणाले. “ज्याला कोन इचारत न्हाय, त्यो करतोय!”

टाळ्या पडल्या. त्याच भरात वस्ताद म्हणाले, “बरं कृष्णात, रविवारची कुस्ती तू हरायची. समोरच्या वस्तादाला मी शब्द दिलाय.”

पाय चेपणारे हात थांबले. समोर बसलेल्या पैलवानांतून कृष्णात उठून पुढं आला. पाया पडायला आलाय असं समजून वस्तादांनी आशीर्वादाला हात उचलला.

“कुस्ती माझी हाय, वस्ताद,” कृष्णात म्हणाला. “मला कवा इचारलासा? बोला की!”