आईचा विमा

"विम्याशिवाय विमानात बसायचं नाही, आई," निरंजननं अमेरिकेतून बजावलं आणि कुमुदबाईंचा प्रवासविमा स्वतःच काढला.

तिथं पोचल्यावर त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. पोट दुखायचं ते निरंजनचं. रोज गोळी घेऊन तो गप्प पडून राहायचा.

"डॉक्टरकडे का जात नाहीस रे?" शेवटी त्यांनी दरडावून विचारलं.

"नोकरी गेली, आई. तिच्याबरोबर माझा विमाही गेला. पित्ताशयात खडे आहेत हे आधीच कळलंय, पण ऑपरेशन इथं मला परवडणार नाही."

कुमुदबाईंनी त्याच आठवड्यात लेकाला घेऊन परतीचं विमान पकडलं. मिरजेत त्याचं ऑपरेशन झालं, तो हिंडूफिरू लागला.

"कशी काय वाटली अमेरिका?" शेजारणीनं विचारलं.

"छान आहे हो," कुमुदबाई म्हणाल्या. "फक्त तिथं माणूस धडधाकट लागतो."