तीनशे बारा पावलं

बंदरापासून देवळापर्यंत गोमाजीची ही सातवी फेरी. लुंगीवर पोराचा शाळेतला पट्टा आवळलेला आणि पट्ट्याला काडेपेटीएवढी एक डबी. पाऊल पडलं की डबी टिक् करायची. गोमाजी पाऊल जरा आपटूनच टाकत होता.

चेंदणीच्या कोळीवाड्यात माणूस उगाच चालत नाही. चालला तर कुठेतरी जायला चालतो. त्यामुळे ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या जाईबाईला तिसऱ्या फेरीपासूनच राहवत नव्हतं.

"गोमा, काय हरवलं काय रं?"

"नाय गो. पाय मोकळे करतोय."

"जल्ला मेला, बांधले कोणी होते?"

गोमाजी पुढे चालू लागला. पावलं मोजणारी ती डबी होती नौपाड्यातल्या शीलाताईंची. त्या कॉलेजात शिकवतात. कष्टाची कामं करणारी माणसं दिवसाला किती चालतात, याचा तक्ता करत होत्या. गोमाजीची बायको शेवंती त्यांच्याकडे मासळी घेऊन जाते, म्हणून परवा त्यांनी डबी तिच्या हातात दिली. काल दिवसभरात तिची पावलं भरली एकोणीस हजार चारशे.

"मावशी, त्यात डोक्यावर पाटी आणि तीन-तीन मजले जिने," शीलाताई म्हणाल्या. "सहा भाकऱ्यांच्या कॅलरी तुमच्या नुसत्या चालण्यात जळतात."

कॅलरी म्हणजे चुलीतल्या लाकडासारखंच काहीतरी, एवढं शेवंतीला कळलं. ती खाते तीन भाकऱ्या.

घरी येऊन तिने हे सांगितलं तर गोमाजी हसला. "चालायला काय लागतं? गप्पा हाणत फिरायचं. काम खाडीवर हाय." हे तो पंचवीस वर्षं म्हणत आला होता, आणि पंचवीस वर्षं शेवंतीला ते लागत आलं होतं. एकदा, फक्त एकदा त्याने तिच्या कामाला काम म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. भांडण तिने केलं नाही. डबी सोडून त्याच्यापुढे ठेवली. "उद्या तुमी बांधा."

आज दुपारी होडी लावल्यावर गोमाजीने डबीत पाहिलं. तीनशे बारा.

आता होडीत बसून जाळं ओढणारा माणूस चालणार कुठे, पाण्यावर? खांदे भरून आले होते, तळवे सोलले होते, पण डबीला हातांचं काही कळत नव्हतं. बायकोला हे सरळ सांगितलं असतं तर भागलं असतं. पण तोरा आडवा आला. तो चालायला लागला.

आठव्या फेरीला शेवंती आडवी आली. संध्याकाळच्या विक्रीला निघाली होती. डोक्यावर चुंबळ, पायाशी भरलेली पाटी, पाटीवर ओलं फडकं.

"किती झाली?"

"मोजली नाय."

शेवंतीने वाकून डबीत पाहिलं. आकडे तिला पक्के येतात. साडेचार हजार. तिने एकदा बंदराकडे पाहिलं, एकदा देवळाकडे, आणि तिला सगळं उमगलं. राग यायला हवा होता, आलं हसू.

"चालायचंच हाय ना? मग पाटी घेऊन चाला."

पाटी उचलून तिच्या डोक्यावर द्यायची, हे रोजचं काम गोमाजीचंच. जमिनीपासून डोक्यापर्यंत, एका झटक्यात. तेवढ्यापुरतंच ते वजन त्याच्या ओळखीचं. त्याने पाटी उचलली. शेवंतीने सवयीने मान पुढे केली. पण पाटी तिच्या डोक्यावर आलीच नाही. ती त्याच्या खांद्यावर गेली.

ओट्यावर जाईबाईचा सुकट निवडणारा हात थांबला. आपल्या कोळीवाड्यात बाप्यामाणूस पाटी घेऊन दारोदार जात नाही. गोमाजी मात्र रस्त्याला लागला होता.

पुढे शेवंती, मागे तो. रिकामे हात कुठे ठेवावेत ते शेवंतीला कळेना. कधी पदर ओढला, कधी बांगड्या मागे सारल्या. "कोळंबीऽऽ घ्या, चिंबोऱ्याऽऽ" अशी हाळी मात्र तिने सवयीप्रमाणे दिली. पहिल्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर गोमाजीने खांदा बदलला. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एका बाईने सगळी पाटी उपसून पाहिली आणि "आज नको" म्हणाली. तो शेवंतीकडे बघतच राहिला. "असं असतंय," शेवंती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. तिसऱ्या बिल्डिंगमध्ये त्याच्या पाठीवरून मासळीचं गार पाणी ओघळत होतं. गप्पा हाणायला दमच उरला नव्हता.

शीलाताईंचं घर चौथ्या बिल्डिंगला, तिसऱ्या मजल्यावर. गोमाजीने पाटी टेकली आणि तो पायरीवरच बसला. शीलाताईंनी एका हातात पातेलं आणलं, दुसऱ्या हातात वही.

"अरे वा, आज काकासुद्धा आलेत. काका, तुमची किती लिहू?"

गोमाजीने पट्टा सोडला. डबीतला आकडा आता चांगला दहा हजारांच्या पुढे गेला होता. त्याने तो पाहिला, घाम पुसला आणि डबी त्यांच्या हातात दिली.

"तीनशे बारा माजी. बाकीची हिची लिवा."

शीलाताईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. शेवंती मान खाली घालून कोळंबीचा वाटा पातेल्यात टाकत होती. नौपाड्यात आजवर तिने कुणाला वरून एक कोळंबी दिलेली नाही, भले गिऱ्हाईक तुटो.

वाटा पुरा झाला. शेवंतीने पुन्हा पाटीत हात घातला, आणखी एक मूठ भरली आणि न मागता पातेल्यात टाकली.