शेवटची जोडी

"पायरी आहे, जपून," म्हणत बेर्गथोरने हाल्वर्दचा कोपर धरला.

"दिसतेय मला पायरी."

"ओली आहे म्हणून म्हटलं."

सकाळपासून हे असंच चाललं होतं. ताकदीच्या स्पर्धेतला ट्रक ओढून झाल्यावर बेर्गथोरने त्याची पिशवी उचलली, मटणाचं सूप आणून हातात दिलं, आणि गुणफलकासमोर उभं राहून सगळे आकडे मोठ्याने वाचून दाखवले, जणू हाल्वर्द कधी शाळेत गेलाच नव्हता. एरवी स्पर्धेच्या दिवशी हा माणूस कुणाला मीठही पुढे करत नसे. दुखणं माणसाला मऊ करतं, हाल्वर्दला वाटलं.

बंदरावर कोळ्यांच्या सणाची गर्दी होती. धक्क्यावर दोन रांगांत पाच-पाच पिंपं मांडली होती, प्रत्येक पिंपासमोर एक गोल दगड, पुढचा मागच्यापेक्षा जड. दिवसाचा हा शेवटचा खेळ. मग कुणाच्या तरी कमरेला विजेत्याचा पट्टा.

हाल्वर्दच्या कमरेला तो कधीच बसला नव्हता. बेर्गथोरच्याही नाही. दरवर्षी राजधानीतले दांडगे गडी यायचे, पट्टा घेऊन जायचे आणि हे दोघे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचे. यंदा ते गडी परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला गेले होते. असं वर्ष पुन्हा येणार नव्हतं, आणि आलं तरी हाल्वर्दचे गुडघे त्याची वाट बघायला उरणार नव्हते. यानंतर बस, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. सोल्वेग फक्त म्हणाली होती, "मग जिंकून तरी ये एकदा."

तो जिंकायलाच आला होता. कालपर्यंत.

काल संध्याकाळी तो पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसला होता. स्टिर्मिर शेजारी येऊन टेकला. तो, हाल्वर्द आणि बेर्गथोर असे तिघे एकाच शेडमध्ये वर्षानुवर्षं सराव करत, आणि तिघांत स्टिर्मिर कायम तिसरा.

"एक सांगू?" स्टिर्मिर म्हणाला. "पण त्याला कळता कामा नये."

"बोल."

"बेर्गथोरच्या छातीत गडबड आहे. डॉक्टरने सांगितलंय, यापुढे बाजाराची पिशवीसुद्धा उचलायची नाही."

"मग उद्या कशाला उतरतोय?"

"जा, विचारून बघ ऐकतो का. एकदा तो पट्टा बांधायचाय म्हणतो."

"मला बोलला नाही."

"तुला बोलेल? तू कीव करशील म्हणून मेला तरी बोलायचा नाही." स्टिर्मिरने तोंडावर पाणी मारलं. "मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुझं तू बघ."

रात्रभर हाल्वर्दने आपलं आपण बघितलं. पहाटे ठरलं, आणि ठरल्यावर त्याला एकदम फार थकवा आला.

आता स्टिर्मिरची जोडी दगडांना भिडली. त्याने धापा टाकत, उशिरा का होईना, पाचही दगड पिंपांवर चढवले. फलकावर आकडे बदलले. हिशेब सरळ होता. शेवटच्या जोडीत सगळ्यात पुढे असलेले दोघे उतरणार होते, हाल्वर्द आणि बेर्गथोर. त्यांच्यातल्या ज्याचा पाचवा दगड आधी चढेल, पट्टा त्याचा.

स्टिर्मिर घाम पुसत आला आणि पकड सुटू नये म्हणून दोघांच्या हातांना चिकट राळ चोपडू लागला. "जा म्हाताऱ्यांनो. माझी तिसरी जागा गरम करून ठेवलीये मी, कुणी हलवू नका मला तिथून."

शिट्टी वाजली.

पहिला दगड दोघांनी एकदमच ठेवला. दुसराही. हाल्वर्द तिरक्या नजरेने शेजारी बघत होता. तिसऱ्याला त्याने मुद्दाम पकड बदलली, वेळ काढला. बेर्गथोर पुढे जायला हवा होता. पण तोही रेंगाळत होता, हात विजारीला पुसत, याच्याकडे बघत.

छातीत कळ आली असणार.

"चल की," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तू चल."

चौथा दगड चढला. पाचव्यावर हाल्वर्दने हात टाकले, दगड मांड्यांवर घेतला आणि तिथेच बसून राहिला. शेजारी बेर्गथोरही तसाच, दगड मांडीवर घेऊन, एखाद्या झोपलेल्या वासराला धरून बसावं तसा. गर्दी ओरडत होती. वारा समोरून येत होता. हाल्वर्दच्या अंगात अजून जोर होता, तो दगड वर जाऊ शकत होता, हे त्याला स्पष्ट जाणवत होतं. त्याने मिठी सैल केली. दगड धप्पकन धक्क्यावर पडला.

बेर्गथोरचाही पडला. वेळ संपल्याची शिट्टी झाली.

दोघे आपापल्या दगडावर बसले. लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या.

"मूर्खा," अखेर बेर्गथोर म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलो होतो मी. का नाही उचललास?"

"माझं सोड. तुझी छाती कशी आहे?"

"छातीला काय धाड भरलीये? तुझ्या डोळ्यांचं बोल. हिवाळ्यापर्यंत तरी टिकतील ना?"

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"स्टिर्मिर तर म्हणाला..." बेर्गथोर अडखळला. मग दोघांनी एकदमच मंचाकडे मान वळवली. तिथे स्टिर्मिर, पाचही दगड चढवल्यामुळे गुणांत दोघांच्या पुढे गेलेला, कमरेला पट्टा बांधून घेत होता, आणि या दोघांकडे बघून प्रेमाने हात हलवत होता.