तक्त्यावरची अक्षरं

“वजन झालं ना बाबा? आता तरी घोटभर पाणी पिऊ द्या,” थोरला कुरकुरला.

“आधी डोळ्यांची तपासणी होऊ दे, पैलवान.” बाबा जुने बॉक्सर. दोन्ही मुलांना त्यांनीच शिकवलं. त्यांचं स्वतःचं हुकलेलं राज्यपदक आता थोरल्यानं आणायचं होतं.

गेल्या तीन स्पर्धांना धाकटा आधी आत जाई, तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येई आणि थोरल्याच्या कानात सांगे. का, ते घरात कुणी बोलत नसे. आई मात्र हल्ली थोरल्याच्या ताटात चटणीसुद्धा उजवीकडे वाढायची.

आज धाकटा बाहेर येऊन नुसताच उभा राहिला.

“अरे, अक्षरं सांग की त्याला, नंबर आलाय त्याचा!” बाबा खेकसले.

“नाही सांगणार. दादाचा डावा डोळा गेलाय, बाबा. सरावात, तुमच्याच ठोशानं.”