शुक्रवारचं इंजेक्शन

टेलरताईंनी माझा ब्लाउज तिसऱ्यांदा आत घेतला. "बारा किलो उतरलीस! करतेस तरी काय?"

मी नुसती हसले. जाड म्हणून चार स्थळांनी नकार दिला, तेव्हापासून बाबा दर शुक्रवारी मला त्यांचं मधुमेहाचं, वजनही उतरवणारं इंजेक्शन टोचायचे. "दोन आणलीत. एक तुला, एक मला." दिवसभर मळमळायचं, पण पाचव्या स्थळाने होकार दिला.

साखरपुड्याच्या पूजेला बसताना बाबांनी मोजे काढले. पायाचा अंगठा काळाठिक्कर पडला होता.

"शुगर साडेचारशे!" दवाखान्यात डॉक्टर ओरडले. "इंजेक्शन बंद केलंत?"

बाबांनी पाय चादरीखाली ओढून घेतला.

मी किंचाळले, "बाबा, तुमचं इंजेक्शन कुठे गेलं?"

"चिठ्ठीवर एकच मिळतं गं. तुझं लग्न झालं की मी सुरू करणार होतो."