जेवणाचा ठेका

वाढता वाढता कालिंदीचा हात थांबला. रांगेत ताट पुढे धरून मेहरून उभी होती.

गेल्या महिन्यापर्यंत हीच मेहरून कालिंदीच्या खानावळीत तिच्या शेजारी बसून भाकऱ्या थापत होती. मग एके सकाळी ती आलीच नाही. परदेशी नागरिकांना डांबून ठेवायच्या या केंद्रात छोट्या उद्योगांनाही काम द्यायचं, अशी सरकारी अट होती. त्यामुळे कालिंदीला जेवणाचा ठेका मिळाला, तेव्हा तिने गल्लीभर पेढे वाटले होते.

“अगं, तू इथे कशी?”

“कागद अपुरे म्हणाले, ताई. आधी चौकीत ठेवलं, कालच इथे आणलं. तुम्ही काही बोलू नका. रोज दिसाल, तेवढाच आधार.”

पण कालिंदीला राहवेना. ताटं आवरून ती तडक केंद्राच्या साहेबांपुढे उभी राहिली. “साहेब, ती मेहरून आमच्या शेजारी जन्मली. माझ्या आईनेच तिच्या आईचं बाळंतपण केलंय. मी कुठेही येऊन सांगेन.”

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे आतल्या बाईशी तुमचा घरोबा आहे. मग ठेका तुमच्याकडे ठेवता येणार नाही.”

“ठेका जाऊ द्या. तिला सोडा.”

“ते कोर्ट ठरवेल.”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कंपनीची गाडी जेवण घेऊन आत गेली. कालिंदी घरून डबा घेऊन आली होती. कालपर्यंत नमस्कार करणाऱ्या शिपायाने फाटकावर हात आडवा धरला.

“भेट फक्त नातेवाइकांना मिळते. तुम्ही तिच्या कोण?”

कालिंदीने डबा पुढे केला. त्याने फाटक लावून घेतलं.